दुपट्टा काही कपडा थोडाच

दिग्रस, १३ सप्टेंबर २०१७

दादा,

जय भीम. पत्र फाडायचं असेल तर वाचून फाड, आधी नको.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंस. माय म्हणते, "तुयं नाव काढलं का ताटावरून उठते तो." मग काय करू? पोस्टात जाऊन पाकिटं आणली. सख्ख्या भावाशी पाकिटातून बोलायची पाळी आली, कमाल आहे बाप्पा. अक्षर समजून घे. डॉक्टर झाल्यापासून ते गेलंच आहे, त्यात रागात लिहिते आहे.

पेपरात बोलले ते मागे घेणार नाही, हे आधीच सांगते. कृषी केंद्रवाले एका पंपात फवारणीची दोन-तीन औषधं मिसळायला सांगतात आणि खुशाल पाठवून देतात, असं मी बोलले. तुझं नाव घेतलं नव्हतं. पेपरवाल्यानं माझ्या नावाखाली 'मूळच्या फुलसावंगीच्या' असं छापलं आणि लोकांनी तुझ्या दुकानाकडे बोट केलं. तू म्हणालास, "तुले डॉक्टर या दुकानानंच केलं." केलंच की! नाही कोण म्हणतं? म्हणून तर त्या दुकानातून काय बाहेर जातं याचा मला घोर लागतो. झालं. भांडण इथं थांबवते, कारण काम वेगळंच आहे.

नागोरावमामा आमच्या दवाखान्यात आहे.

बाबा गेल्यावर तुला खांद्यावर आणि मला कडेवर घेऊन बाजार करणारा आपला मामा. परवा टेकडीखालच्या वावरात तो फवारणीला गेला होता. सोबत तांड्यावरचा डोंगरसिंग. यंदा कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली आहे, हे तुला मी काय सांगू. खालून वर फवारा मारायचा, म्हणजे सगळं आपल्याच तोंडावर येतं. दुपारी दोघंही वावरातच पडले. बापूजी रुग्णालयात, म्हणजे माझ्याचकडे, आणले तेव्हा मामाच्या तोंडाला फेस होता, छातीत घरघर होती, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यानं मला ओळखलंसुद्धा नाही.

आम्ही दोघांचे कपडे काढले, साबणानं आंघोळ घातली, औषध सुरू केलं. मामाला आयसीयूत ठेवलं. आज तो शुद्धीवर आला आणि पहिलं काय म्हणाला असेल? "दसऱ्याले नागपूरले जाचं हाय, त्याच्या आत सोडजो बाई." दीक्षाभूमीची त्याची एकही खेप चुकलेली नाही, आणि याच वर्षी चुकते की काय म्हणून तो जिवापेक्षा जास्त घाबरला आहे.

आता तुझं काम. औषध तुझ्याच दुकानातून गेलं, हे मामी सांगते. बाटली वावरात कुठं फेकली कुणास ठाऊक. तीच बाटली, नाहीतर तशीच दुसरी, लेबलासकट पाठव. कुठलं विष आहे हे कळलं तर मी डोळे बांधून लढणार नाही. तुझ्यावर केस करायला मागत नाही. मामासाठी मागते आहे.

तुझी,
प्रियंका


दिग्रस, १७ सप्टेंबर २०१७

दादा,

बाटली आली नाही. निरोप मात्र आला, मायच्या तोंडून: "माह्या दुकानाचं नाव कायले गोवतं म्हना." शाब्बास! मामा खाटेवर आणि तुला दुकानाच्या नावाची पडली.

तरी सांगते, आज मी तुझ्यावरचा संशय मनातून काढून टाकला. का, ते ऐक.

मामा आयसीयूत सुधारतो. बोलतो, पेज पितो, नर्सबाईंना चिडवतो. म्हणून आम्ही त्याला वॉर्डात हलवतो. वॉर्डात गेला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घाम, लाळ, घरघर, बाहुल्या टाचणीएवढ्या. पुन्हा उचलून आयसीयूत. तिथं पुन्हा बरा. पुन्हा वॉर्ड, पुन्हा तेच. काल दुसऱ्यांदा परत आणला तेव्हा त्याच्या ओठांचा रंग मला पाहवला नाही. मी डॉक्टर आहे म्हणून उभी राहिले, नाहीतर तिथंच भोकाड पसरलं असतं.

पहिल्यांदा वाटलं, तुझ्याच दुकानातून काहीतरी भेसळीचं गेलं असेल, जे अंगात दबा धरून बसतं. पण मग डोंगरसिंगचं काय? तेच वावर, तोच दिवस, एकाच ड्रममधलं पाणी दोघांच्या पंपात. डोंगरसिंग तर वॉर्डात बसून बिड्या मागतो आहे! त्याची बायको बिजलीबाई त्याला गोधडीवर निजवते, दटावते, आणि तो एकदाही बिघडला नाही. वर गंमत बघ: डोंगरसिंगनं फवारताना तोंडाला काहीच बांधलं नव्हतं. उकडतं म्हणून खांद्यावरचा दुपट्टा बांधावरच्या बाभळीला टांगला, तो अजून तिथंच लोंबत असेल. आणि आपला मामा, सरकारी पोस्टरावर सांगितल्यासारखा, नाक-तोंड बांधून पडेपर्यंत राबला. ज्यानं जपलं त्यालाच जास्त, असं कसं होईल? म्हणजे बाटलीचा दोष नाही. काहीतरी वॉर्डात होतं आहे.

हे मला कळलं तसंच सुनीती मॅडमनाही कळलं. आमच्या दवाखान्याच्या मुख्य डॉक्टर त्या. हुशार बाई, माझी त्यांच्यावर श्रद्धा आहे, पण आज त्यांनी जे म्हटलं ते ऐकून माझं डोकंच फिरलं. मला खोलीत बोलावून म्हणाल्या, "प्रियंका, आयसीयूत नातेवाइकांना प्रवेश नाही, तिथं पेशंट बरा होतो. वॉर्डात बायको चोवीस तास जवळ असते, तिथं त्याला पुन्हा विष होतं. आपल्याला आवडो न आवडो, याचा अर्थ एकच निघतो. एक तर तो स्वतः पितो आहे, नाहीतर ती देते आहे."

मी म्हटलं, "मॅडम, ती माझी मामी आहे."

त्या म्हणाल्या, "म्हणूनच तू बाजूला राहा."

दादा, तुळसामामीवर! जिनं मामाच्या आधी कधी घास घेतला नाही तिच्यावर! आणि मामा स्वतः पिणार? दसऱ्याची तारीख विचारत बसलेला माणूस? मॅडमनी पोलीस ठाण्यातल्या जमादाराला फोन केला. तो आला, मामीचं बयाण लिहून घेतलं, आणि चौकीदारानं मामीला वॉर्डातून बाहेर काढलं. ती माझ्याकडे पाहत गेली.

आता मामाला पुन्हा वॉर्डात आणलं आहे, मामीशिवाय. भीती कशाची वाटते सांगू? तो बरा होईल याची. तो आज उद्या न बिघडता राहिला, तर मामीवर शिक्का बसला. मामा बरा व्हावा म्हणून जीव तुटतो आणि बरा झाला तर मामी जेलात. अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

प्रियंका


दिग्रस, २० सप्टेंबर २०१७

दादा! दादा! दादा!

सापडलं!

आधी खाली बस. गिऱ्हाईक असलं तर त्याला पण बसव, त्यालाही वाचून दाखव.

मामी गेल्यावर मामा खरंच बिघडला नाही. वॉर्डातच हळूहळू बरा होत गेला. मॅडम माझ्याशी बोलायचं टाळायला लागल्या. जमादार पुन्हा येऊन गेला. काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी मामीला शोधायला गेले. ती दवाखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून बसली होती, कापसाच्या जिनिंगची भिंत आहे तिथं. मी म्हटलं, "मामी, जेवली का?"

"काय जेवू बाई. पानी पेलं तरी मळमळते."

"रडत होतीस?"

"रडून रडून डोयाले अंधारून येऊन राह्यलं. तुयं तोंड बी धड दिसत नाई मले."

तिच्या मांडीवर मामाचा दुपट्टा होता. त्याचाच बोळा करून ती डोळे पुसत होती, नाक पुसत होती, पुन्हा छातीशी धरत होती. तोंडावर घामाच्या धारा. मी म्हटलं सावलीत बसलीस तरी एवढा घाम? आणि मग माझं लक्ष तिच्या डोळ्यांकडे गेलं. मी खिशातली बॅटरी काढून तिच्या डोळ्यावर मारली.

टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, दादा. जशा मामाच्या होत्या, अगदी तशा.

मी म्हटलं, "मामी, हा दुपट्टा कोणता? मामानं फवारताना तोंडाला बांधला होता तो?"

"तोच तं."

"मी पहिल्या दिवशी तुला विचारलं होतं ना, सगळे कपडे काढून दिले का म्हणून? तू हो म्हणालीस!"

"देले ना! सद्रा देला, धोतर देलं, बन्यान देली. तुमी कपडे मागतले, म्या कपडे देले. दुपट्टा काही कपडा थोडाच हाय, बाप्पा?"

हसू की रडू! आपल्याकडे बाप्या माणूस दुपट्टा अंगावर 'घालतो' का? तो त्याच्या खांद्यावर असतो, अंगाला हात असावा तसा. घाम पुसायला, पाणी गाळायला, भाकर बांधायला, उन्हात डोक्याला. कुणी म्हटलं कपडे काढ, तर दुपट्टा काढायचं मनातही येणार नाही. मी फुलसावंगीची पोरगी, मला हे कळू नये? रोज पेशंटच्या नातेवाइकांना विचारते, कपडे काढले का, आणि समोरचा माणूस हातात दुपट्टा धरून हो म्हणतो, आणि मी पुढे जाते.

"मग वॉर्डात हा कुठं होता?"

"उशाले. अथी उशी कोन देते? त्याचं डोस्कं खाली पडते म्हून घडी करून उशाले देवो. आतल्या खोलीत नेलं का नर्सबाई म्हने सामान बाहेर ठेवा, मंग म्या माह्यापाशी ठेवो."

झालं. सगळं उलगडलं. फवाऱ्याच्या विषानं भिजलेला दुपट्टा, वाळून कडक झालेला. मामाला घाम आला की पुन्हा ओला. त्यावर मान, गाल, नाक. आयसीयूत दुपट्टा नाही, मामा बरा. वॉर्डात उशाला दुपट्टा, मामा मरणाच्या दारात. मामीला हाकललं तेव्हा ती दुपट्टा घेऊन गेली, म्हणून मामा पुन्हा बरा. आणि डोंगरसिंगचा बाभळीवर राहिला, म्हणून तो पुन्हा बिघडला नाही.

मामीला उचलून आत नेलं. मॅडम राउंडवर होत्या. मी कुणाची परवानगी घेतली नाही, सरळ मामीला त्यांच्यासमोर उभं केलं आणि म्हटलं, "मॅडम, आरोपीचे डोळे तपासा." माझा आवाज फार चढला होता. नर्सेस सांगतात, पार ओपीडीपर्यंत गेला.

मॅडमनी बॅटरी मारली. एक डोळा, दुसरा डोळा. मग म्हणाल्या, "हिनं घेतलंय?"

मी म्हटलं, "हिनं नवऱ्याच्या दुपट्ट्यानं डोळे पुसलेत."

त्या बाईंचं एक मानायला हवं. दोन-तीन प्रश्न विचारले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं की त्यांना पुरतं समजलं. स्वतः हातमोजे घातले, दुपट्टा प्लास्टिकच्या पिशवीत टाकून गाठ मारली. मामीला आंघोळीला स्वतः घेऊन गेल्या. केस धुतले, नखं कापली. बाहेर आल्यावर भर वॉर्डात मामीचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "तुळसाबाई, मी तुमच्यावर नको ते आणलं. चूक माझी आहे." मामीला ओशाळल्यासारखं झालं. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "जाऊ द्या बाई, मले पिऊले खाऊ घालाचं हाय, ते बी जेवली नाई." मी त्या वेळी जी रडले, दादा, काही विचारू नको.

मामी आता ठीक आहे, संध्याकाळपर्यंत तिला माझं तोंड धड दिसायला लागलं आणि म्हणाली, "वाळली तू."

मग आम्ही वॉर्डात फिरलो. दादा, फवारणीच्या जवळजवळ प्रत्येक पेशंटच्या उशाला दुपट्टा! कुणाच्या पाठीखाली, कुणाच्या तोंडावर माश्या बसू नयेत म्हणून. म्हणूनच काही जण बरे न होता दिवसेंदिवस रेंगाळत होते! सगळे गोळा केले, सगळ्यांना पुन्हा आंघोळी घातल्या. काही जण भांडले, "माणसाचा दुपट्टा असा हिसकून नेत असतात का!" बिजलीबाईनं त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून आमची बाजू घेतली. तिच्या तोंडापुढे कोण टिकणार! पण दुपट्टे काढले तर डोकी टेकणार कशावर? कापसाच्या जिल्ह्यातला दवाखाना, मागच्या भिंतीपलीकडे कापसाचे डोंगर, आणि आमच्या खाटांवर उशी नाही. मॅडम तशाच उठून जिनिंगमालकाकडे गेल्या. संध्याकाळी गाठोडी आली, बिजलीबाई, मामी आणि वॉर्डातल्या बायांनी बसल्या बसल्या उशा शिवल्या. कुणी गाणं म्हणत होतं. सरकारी पोस्टरात असं काही सांगत नाहीत, पण वॉर्ड एकदम घरासारखा झाला.

आता तू. तीन गोष्टी कर. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांग: कुणी पडलं तर आधी दुपट्टा काढा आणि पिशवीत गाठ मारून ठेवा. मग नळाखाली साबणानं धुवा, डोक्यापासून. आणि दवाखान्यात येताना बाटली घेऊन या. तुझ्या तोंडून लोक ऐकतील. माझ्या तोंडून ऐकतील, पण तेव्हा ते खाटेवर असतील.

पिऊ


नागपूर, ३० सप्टेंबर २०१७

दादा,

हे पत्र दीक्षाभूमीच्या बाहेर, एका पुस्तकाच्या स्टॉलच्या बाकावर बसून लिहिते आहे. आजूबाजूला माणसंच माणसं.

मामाला काल सोडलं. मॅडम म्हणत होत्या, आणखी आठवडाभर विश्रांती. मामा म्हणाला, "मले सोडलं नाई तं मी चादर बांधून खिडकीतून उतरतो." शेवटी मॅडमनी मला सोबत जायच्या अटीवर सही केली. वर रजाही दिली.

येताना मी त्याला नवीन पांढरा दुपट्टा घेऊन दिला. त्यानं हातात धरून उलटसुलट पाहिला, हुंगला, आणि म्हणाला, "यात काही नाई ना बाई?" बसमधले लोक हसायला लागले. आता तो मामीचा हात धरून स्तूपाकडे निघाला आहे, दुपट्टा खांद्यावर. चाल अजून जरा ढिली आहे. पण स्वतःच्या पायांनी चालतो आहे. मी माझ्या नोकरीत खूप माणसं जाताना पाहिली, चालत जाताना फार थोडी.

तूही यायचास ना दरवर्षी. गर्दीत तुझं डोकं शोधलं मी. नव्हतं.

माय सांगते, माझी पत्रं तू गल्ल्यात ठेवतोस, नोटांच्या खाली. फाडली नाहीस म्हणजे. एवढ्यावर आज मी खूश आहे.

पिऊ


दिग्रस, १२ फेब्रुवारी २०१८

दादा,

जय भीम. आज बढाई मारणार आहे. तुझ्याशी नाही मारायची तर कुणाशी?

दुपट्ट्यांचे तुकडे आम्ही प्रयोगशाळेत पाठवले होते. सगळ्यांत विष निघालं, भरपूर. आणि त्या दिवसानंतर सीझन संपेपर्यंत आमच्या वॉर्डात फवारणीचा एकही पेशंट सुधारून पुन्हा बिघडला नाही. एकही! मॅडम म्हणाल्या, हे लिहून काढ. म्हटलं मला लिहिता येत नाही. म्हणाल्या, "भावाला एवढाली पत्रं लिहितेस ती कशी?" (हो, त्यांना माहीत आहे. सगळ्या दवाखान्याला माहीत आहे. पोस्टमन विचारतो, आज भावाला नाही का?)

तर काल नागपूरला डॉक्टरांची परिषद होती, विषबाधेवर. मोठमोठे लोक, सुटाबुटात. माझा नंबर जेवणाआधी, म्हणजे अर्धा हॉल घड्याळाकडे बघणारा. मी सगळं सांगितलं, तक्ते दाखवले. समोरच्या रांगेतले एक वयस्कर सर, हैदराबादचे असावेत, उठले आणि हिंदीत म्हणाले, "डॉक्टर, कपडे उतारना तो हर किताब में लिखा है. इसमें नया क्या है?"

मी तयारीनं गेले होते. पिशवीतून मामाचा पांढरा दुपट्टा काढला, त्याच्याकडून मागून आणला होता. तोंडाला बांधला. मग सोडून डोक्याला गुंडाळला. मग खांद्यावर टाकला. मग घडी करून टेबलावर ठेवला आणि त्यावर डोकं टेकवून दाखवलं. म्हटलं, "सर, किताब में कपडा लिखा है. हमारे यहाँ ये कपडा नहीं है. ये आदमी के साथ का आदमी है. मेरी मामी ने सारे कपडे दे दिये थे, सर, ये नहीं दिया. इसी पे मामा मरने चले थे, और मामी पे इल्जाम आया था."

ते सर उभेच होते. मग त्यांनी विचारलं, "मामा कैसे हैं?"

मी म्हटलं, "पिछली लाइन में बैठे हैं."

सगळा हॉल मागे वळला. मामा उठून उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "जय भीम साहेब. मी ठीक हाव." आणि मग जी टाळी पडली, दादा! त्या सरांनी पहिली वाजवली. मॅडम डोळे पुसत होत्या, आणि पुसताना हातात काय होतं सांगू? रुमाल. मी खुणेनं विचारलं, धुतलेला आहे ना? त्यांना हसू आवरेना.

आमच्या दवाखान्याच्या फलकावर आता पहिली ओळ अशी आहे: 'दुपट्टा काढला का?' कपडे त्याच्या खाली. आजूबाजूच्या दवाखान्यांनी तोच फलक मागून नेला, एक मारेगावपर्यंत गेला.

मामीला सगळं सांगितलं तर म्हणाली, "एवढे मोठाले डाक्टर, अन् दुपट्ट्यावर टाळ्या वाजवून राह्यले?"

सगळे विचारत होते, तुझ्या घरचं आणखी कोण आलं? मी म्हटलं, माझा भाऊ दुकानामुळे येऊ शकला नाही. खोटं बोलले. खरं काय आहे ते तू सांग. मी तुझ्या दुकानावर बोलले होते, तुझ्यावर नाही. तुला भीती वाटली ना, मामा गेला तर लोक म्हणतील धम्मरत्नानं मारला? मला माहीत आहे. मलाही तीच भीती वाटली होती, तुझ्यासाठी. एवढंच.

पिऊ


दिग्रस, २९ ऑगस्ट २०१८

दादा,

पाऊस उघडला, फवारणी सुरू झाली. काल आमच्याकडे सीझनचा पहिला पेशंट आला. दुपारची वेळ, मी ओपीडीत होते. बाहेर जीप थांबली. ओरडा झाला, "फवारणीची केस हाय!" मी स्ट्रेचर घेऊन धावले.

तर जीपमधून एक तरणा माणूस दोघांचा आधार घेऊन उतरत होता. मळमळत होतं, घाम होता, पण चालत होता. अंगावर धुतलेली लुंगी. डोक्याचे केस ओलेच, निथळत होते. अंगाला साबणाचा वास. खांद्यावर दुपट्टा नाही, मोकळाच. मी बघतच राहिले. अशी न्हालेली-धुतलेली विषबाधा मी जन्मात पाहिली नव्हती.

सोबतच्या माणसाला मी सवयीनं विचारलं, "दुपट्टा काढला का?"

तो म्हणाला, "वावरातच काढला, मॅडम. थैलीत गाठ मारून वेगळा आनला. दुकानापुढच्या नळावर धम्माभाऊनं सोता अंग घासून देलं याचं. आमी म्हनलो आधी गाडी करू, तं भाऊ आमच्यावरच वरडला, 'आधी आंघोळ, मंग गाडी!' गावातल्या समद्यायले त्यायनं सांगून ठेवलं हाय. औषध घ्याले गेलं का साबन बी हातात देते."

मी नुसती पेशंटची नाडी धरून उभी.

मग त्यानं जीपच्या सीटखालून दुसरी थैली काढली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली, झाकण घट्ट लावलेली बाटली होती. लेबल पुसलेलं नाही, फाटलेलं नाही, एक अक्षर गेलेलं नाही. तो म्हणाला, "भाऊनं सांगतलं, हे डॉक्टरीनबाईच्याच हातात देजो. बोलले, तिनं मागं मागतली होती, म्हना."

पेशंटचं नाव प्रफुल्ल. लेबल वाचून औषध दिलं, कुठं अडखळलो नाही. त्याला आयसीयू लागलंच नाही. आज सकाळी बिजलीबाईनं शिवलेल्या उशीवर टेकून त्यानं दोन वेळा चहा मागितला. परवा घरी सोडते.

बाटली मी माझ्या टेबलावर ठेवली आहे. मॅडम म्हणाल्या, विषाची बाटली टेबलावर कशाला? मी म्हटलं, राहू द्या, माझ्या भावाचं पत्र आहे.

मिळाली, दादा. आता फोन उचल.

पिऊ